पासिंगचा शिक्का नको, गाडीचा रिपोर्ट द्या: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: पंधरा वर्षं झालेल्या खासगी छोट्या गाड्यांच्या पासिंगची तपासणी

महोदय,

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या खासगी कारच्या पुनर्नोंदणीची, म्हणजे पासिंगची, फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० रुपये केली गेली. राज्याचा पर्यावरण कर त्यावर वेगळा. मुदत टळली तर महिन्याला ५०० रुपये दंड. फी दिल्लीत ठरली, आपल्या कार्यालयात नाही, हे मला ठाऊक आहे, आणि फीबद्दल रडायला मी हे पत्र लिहीत नाही. पण पैसे भरल्यावर गाडी बघायची ती आपल्याच खात्यानं. ६०० रुपये होते तेव्हा जेवढी बघितली जायची तेवढीच आज ५,००० भरून बघितली जाते. तक्रार या बघण्याची आहे.

मी चिपळूणजवळ गॅरेज चालवतो. आयटीआय करून या धंद्यात आलो, केस आता पांढरे झाले. माझ्याकडे मोठ्या गाड्या क्वचित येतात. आल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, एखादी जुनी मारुती ८००, हेच रोजचं काम. यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या मुंबई-ठाण्याच्या नंबरच्या असतात. चाकरमानी तिकडे नवी गाडी घेतो आणि जुनी गावाला भावाला देतो, नाहीतर गणपतीला आला की इथेच कुणाला तरी विकून मोकळा होतो. म्हणजे शहरात दहा-बारा वर्षं झिजलेली गाडी घाटात आणि लाल मातीच्या रस्त्यावर दुसरा जन्म काढते. तिच्यात म्हातारी माणसं दवाखान्यात जातात, पोरं शाळेत जातात. त्या गाडीची सरकारी तपासणी नीट व्हावी असं मला वाटतं ते यासाठी.

माझ्या भाच्यानं अशीच एक गाडी घेतली होती. पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून एका आरटीओत नेऊन रीतसर पास करून आणली. आरसीवर पाच वर्षं वाढून मिळाली. घरी पेढे वाटले. महिन्याभरात कुंभार्ली घाटात एका वळणावर पुढचं डावं चाक आडवं झालं आणि मडगार्डमध्ये घुसलं. वेग कमी होता, गाडी डोंगराच्या बाजूला होती. दरीच्या बाजूला असती तर हे पत्र वेगळ्या भाषेत लिहावं लागलं असतं.

टोचन करून गाडी माझ्याकडे आणली. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निखळला होता. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढचं चाक खालच्या बाजूनं गाडीला धरून ठेवणारा हा एक गोळीसारखा सांधा असतो, वाटीत बसवलेला. वर रबराची टोपी, आत ग्रीस. या गाडीत टोपी फाटून किती काळ झाला होता देव जाणे. आतलं ग्रीस चिखलात मिसळून खडखडीत वाळलेलं, गोळी एका बाजूनं चपटी झालेली, वाटीची कडा पातळ पात्यासारखी. उजव्या बाजूचा सांधा अजून जागेवर होता, पण चाक जॅकवर घेऊन खालून टॉमी (लोखंडी दांडा) लावली की टक टक वाजत होता. ही झीज महिन्यातली नाही, वर्षा-दीड वर्षाची आहे. गाडी पास झाली त्या दिवशीही तो सांधा तसाच होता. जॅक लावून चाकाला एक हिसका दिला असता तर कळलं असतं. दोन मिनिटांचं काम.

पासिंगला काय झालं ते भाच्यानं सांगितलं, आणि ते मला नवीन नव्हतं. बॉनेट उघडून चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. इंजिन नंबर वाचला. लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर चालू करून दाखवायला सांगितले. नवी नंबर प्लेट बसवली आहे का ते बघितलं. पीयूसी आणि इन्शुरन्सचे कागद बघितले. गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक मारायला लावला. झालं. चाक वर उचललं नाही, गाडीखाली कुणी वाकलं नाही. चोरीची गाडी पकडायला ही तपासणी उत्तम आहे. मोडकी गाडी पकडायला हिचा उपयोग नाही.

मोटार वाहन निरीक्षकांवर मी सगळा राग काढणार नाही. त्यांच्यासमोर सकाळपासून रांग असते, त्यात रिक्षा, टेम्पो, स्कूल बस. एक माणूस आणि हातात फाइल. गाडीखाली उतरून बघायला पिट (खड्डा) नाही, लिफ्ट नाही, बऱ्याच ठिकाणी सावलीही नाही. फिटनेससाठी २५० मीटरचा ब्रेक टेस्ट ट्रॅक हवा हे मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं, तेव्हा कुठे त्यासाठी जागा शोधायला सुरुवात झाली. माणसाच्या हातात अवजार न देता त्याच्याकडून सही मात्र घ्यायची, असा हा कारभार आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तपासणीचा निकाल लेखी मिळत नाही. गाडी पास झाली तर आरसीची तारीख वाढते, बाकी काही नाही. ब्रेक किती लागतो, डावं-उजवं सारखं धरतं का, टायरची नक्षी किती उरली, हेडलाइटचा फोकस कुठे पडतो, यातला एकही आकडा मालकाच्या हातात येत नाही. नापास झाली तर तोंडी सांगतात, "हे करून आणा." दुसऱ्या दिवशी दुसरा साहेब असतो, तो ते विचारतच नाही, भलतंच काढतो. माझ्याकडची एक गाडी, यांत्रिक बाजूनं टकाटक, फक्त बॉनेटचा रंग उन्हानं उडालेला. ती एका कार्यालयातून रंग मारून आणा म्हणून परत आली. त्याच सुमाराला एक दुसरी गाडी चकाचक पॉलिश करून गेली आणि पास झाली. तिच्या ड्रायव्हर सीटखालचा पत्रा इतका कुजला होता की मॅट उचलली की रस्ता दिसायचा. रंगाची परीक्षा घ्यायची असेल तर पेंटरला बसवा.

दुसरी तक्रार, काय तपासायला हवं आणि काय तपासलं जातं याबद्दल. छोट्या जुन्या गाडीत नेमकं काय जातं हे कुठल्याही गॅरेजवाल्याला झोपेत विचारा. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळतात, ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, उतरतं, मग ते चाक धरतच नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. ड्रम काढल्याशिवाय हे डोळ्याला दिसत नाही, पण ब्रेक मोजायच्या यंत्राच्या रोलरवर चाक फिरवलं तर डाव्या-उजव्यातला फरक लगेच समजतो. हँडब्रेकची केबल गंजून अडकलेली असते, आणि मालकानं सरळ दगड लावायची सवय करून घेतलेली असते. लोअर आर्मचे बुश, टाय रॉडचे टोक, स्टिअरिंग रॅकमधली ढिलाई हे सगळं चाक अधांतरी घेऊन हलवलं तरच कळतं. हेडलाइटची काच पिवळी पडते, आतला रिफ्लेक्टर काळवंडतो. "लाइट लागतो का" याचं उत्तर हो असतं, "रस्ता दिसतो का" याचं नाही. मागचे शॉकअप बसलेले, ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलेला, सायलेन्सरला भोक. टायरचं तर विचारू नका. नियम ९४ प्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. ती मोजायला लागणारी पट्टी माझ्या टूलबॉक्समध्ये आहे आणि ती घ्यायला एका जेवणाइतकेही पैसे लागत नाहीत. पासिंगपुरते टायर एका दिवसासाठी भाड्यानं मिळतात का म्हणून माझ्याकडे विचारणा होते. मी देत नाही म्हटलं की माणूस हसून पुढच्या गॅरेजला जातो.

आणि कोकणातला गंज. खारी हवा, चार महिने पाऊस, अंगणात उघड्यावर उभी गाडी. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या चाकावरच्या कमानी, शॉकअप जिथे बसतो ती जागा, इथला पत्रा आतून खातो. वरून पुट्टी भरायची, त्यावर काळा अंडरकोट मारायचा, की पासिंगला गाडी तयार. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकानं ठोकून बघितलं तर पुट्टीचा आवाज बद्द येतो. पण ठोकायला आधी वाकावं लागतं.

या छोट्या गाड्यांना ही तपासणी जास्त गरजेची आहे, कारण त्यांच्याकडे दुसरा आधारच नाही. नव्या गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. आज पासिंगला येणाऱ्या स्वस्तातल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्यातल्या माणसांना वाचवायला ब्रेक, टायर आणि सीट बेल्ट एवढंच आहे.

तिसरी तक्रार पीयूसीची. भारत स्टेज ४ या धुराच्या मानकाच्या पेट्रोल गाडीला आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमची मर्यादा आहे. इंजिन नीट तापलेलं हवं, धूर मोजायच्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये खोलवर घातलेली हवी. मी काय बघतो? इंजिन गार, नळी टोकाला टेकवलेली, नंबर प्लेटचा फोटो, प्रमाणपत्र हातात. ऑइल जाळणाऱ्या, मागे निळा धूर सोडणाऱ्या गाडीचं प्रमाणपत्र माझ्याकडे मालकानं अभिमानानं दाखवलं आहे. हे फक्त आपल्याकडचं नाही. २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांचे असेच धिंडवडे काढले: एकाच केंद्रावर एकाच वेळी दोन गाड्या तपासल्याच्या नोंदी, मिनिटाभरात दिलेली प्रमाणपत्रं. आपल्या राज्यातल्या नोंदी कुणी अशा चाळल्या तर काय निघेल, हे आपण स्वतःच एकदा बघा.

चौथी. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्यापासून पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत खासगी कारला पीयूसीशिवाय कसलीच तपासणी नाही. मधल्या काळात ती चार हात फिरते. मालकी बदलताना फॉर्म २९, फॉर्म ३०, इन्शुरन्स, पीयूसी, आधार, सह्या, सगळं लागतं. गाडी लागत नाही. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांना प्राधिकारपत्र घ्यायला लावणारे नियम १ एप्रिल २०२३ पासून आले, चांगलं झालं. पण तेही कागद कुणाकडे आहेत आणि गाडी कुणाच्या ताब्यात आहे एवढंच पाहतात. गाडीचं पोट कुणी उघडत नाही.

याचं उदाहरण आमच्या दारातलं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्यानंतर कितीतरी दिवस पाण्याखाली गेलेल्या गाड्या ट्रेलरवर चढून जाताना आम्ही बघितल्या. सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. काही धुवून, वाळवून, सीट कव्हर बदलून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतरही हेच. अशी गाडी ओळखायला फार अक्कल लागत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. फ्यूज बॉक्सच्या पिना हिरव्या झालेल्या असतात. कार्पेटखालचा फोम हाताला खरखरीत लागतो. दोन-तीन वर्षांनी वायरिंग आतून सडतं आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते, किंवा पेटते. विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, धरलेल्या गाडीची ती नोंद तिच्या नंबरवर का दिसू नये? घेणाऱ्यानं कुणाला विचारायचं?

सीएनजीबद्दल थोडक्यात. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असते. डिकीतल्या सामानाखाली दडलेली ती प्लेट पासिंगच्या दिवशी कुणी वाचत नाही.

साहेब, हे काही चंद्रावरचं मागणं नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांची सक्तीची चाचणी १९६० पासून आहे. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती द्यावी लागते. २०१८ पासून दोषांची प्रतवारी होते: धोकादायक, मोठा, किरकोळ. शिवाय "हे लवकरच जाईल, लक्ष ठेवा" अशी सूचना वेगळी. आणि गाडीचा नंबर टाकून कुणीही तिचा जुना निकाल आणि त्या-त्या वर्षीचा मीटरवरचा आकडा बघू शकतो. तिकडे असलेला माझा एक शाळासोबती जुनी गाडी बघायला घराबाहेर पडण्याआधी हे वाचतो. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक गाडी घेऊन झाल्यावर विचारतं, "बघ रे, बरी आहे ना?"

आपल्याकडेही नियम नाहीत असं नाही. केंद्रानं सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. रोलरवर ब्रेक, हेडलाइटचा झोत, साइड स्लिप (सरळ जाताना चाकं बाजूला किती सरकतात), सांध्यांची ढिलाई, सगळं यंत्रानं मोजायचं आणि निकाल छापून द्यायचा, असं त्यात आहे. पण या केंद्रांचा भर आधी व्यावसायिक वाहनांवर राहिला. आमच्या खेड्यातल्या छोट्या गाडीपर्यंत ते रोलर कधी येणार? आणि आले तरी रत्नागिरी जिल्ह्याच्या दोन टोकांमध्ये किती अंतर आहे ते नकाशावर बघा. मंडणगडच्या माणसानं एका बल्बसाठी पुन्हा अख्खा दिवस घालवायचा का?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पासिंगला आलेल्या प्रत्येक खासगी गाडीचा बाबवार लेखी रिपोर्ट मालकाला द्या, पास असो वा नापास. मोजलेला आकडा असेल तर आकडा लिहा. बघितलंच नसेल तर "तपासले नाही" असं लिहा. त्याखाली निरीक्षकाची सही हवी.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर प्रत्येक तपासणीच्या जागी एक पिट, एक ट्रॉली जॅक, टायरची नक्षी मोजायची पट्टी आणि हेडलाइटचा फोकस बघायला भिंतीवर रंगवलेल्या रेघा, एवढं द्या. यासाठी निविदा काढायला वर्ष लागू नये.

पीयूसी करताना आणि पासिंगला मीटरवरचं किलोमीटर फोटोसकट नोंदवा आणि ते नंबर टाकून कुणालाही दिसू द्या. याला जवळजवळ खर्च नाही, आणि मीटर मागे फिरवण्याचा धंदा वर्षभरात बसेल.

दोषांची प्रतवारी करा. ब्रेक आणि स्टिअरिंगचा दोष असलेली गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका. वायपरच्या ब्लेडसाठी मात्र परत रांगेत उभं करू नका, त्याच दिवशी बदलून आणला तर तिथेच बघा.

दहा वर्षांवरची गाडी विकताना यांत्रिक तपासणीचा दाखला लागावा, आणि टोटल लॉस झालेल्या गाडीची नोंद उघड व्हावी, यासाठी केंद्राकडे राज्याच्या वतीनं लेखी प्रस्ताव पाठवा. तो पाठवल्याचं जाहीर करा, म्हणजे पुढे कुणाला विचारायचं ते आम्हाला कळेल.

गाड्यांच्या वयावर सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही, उलट त्याच्या विरोधात आहे. नीट ठेवलेली अठरा वर्षांची गाडी माझ्या गॅरेजमधून मी निर्धास्त बाहेर सोडतो, आणि पुरात बुडालेल्या आठ वर्षांच्या गाडीत स्वतःच्या घरच्यांना बसवणार नाही. गरिबाची गाडी भंगारात काढायला वय पुढे करायचं, आणि तीच गाडी पाच वर्षं वाढवून देताना तिच्याखाली वाकायचंही नाही, हे दोन्ही एकाच वेळी चालवू नका.

माझं म्हणणं खोटं वाटत असेल तर एक करा. गेल्या तीन महिन्यांत राज्यात पास झालेल्या खासगी छोट्या गाड्यांमधून कुठल्याही शंभर गाड्या चिठ्ठ्या टाकून निवडा. ज्या कार्यालयानं पास केल्या ते सोडून दुसऱ्या जिल्ह्यातले निरीक्षक बोलवा. गाड्या पिटवर घ्या, चाकं वर उचला, रोलरची सोय असेल तिथे रोलरवर चढवा. मालकांना त्रासाचे पैसे द्या. किती गाड्या खरोखर पास होतात तो आकडा गणपतीच्या आधी जाहीर करा. कारण त्या दिवसांत यातल्या बऱ्याच गाड्या माणसांनी भरून घाट उतरत असतील.

आपला,
चिपळूणजवळचा एक गॅरेजवाला